मटकीची पिशवी

मंगळवार, १२ ऑक्टोबर २००४

यांच्या वाढदिवसाला लेन्स काही परवडणार नव्हती. म्हणून जुन्या जीन्सची पिशवी शिवली आणि मंडईतली मटकी भरली. कॅमेरा तिच्यावर टेकवला की फोटो हलत नाही. "उशी छान आहे," एवढंच म्हणाले. तरी रविवारी खडकवासल्याला पक्ष्यांचे फोटो काढायला घेऊन गेले, काठावरच्या ओल्यात ठेवली आणि तशीच बॅगेत कोंबली. आज बघते तर मटकीला हे लांब मोड. मटकीच का भरली मी? तेवढ्यात हे स्टुडिओतून रोल धुऊन घेऊन आले. एकही बगळा हललेला नाही. मी म्हटलं, "आता उसळच करते याची."

"उसळीचं नंतर बघ. आधी पिशवी भर, रविवारी लागेल मला."