एकशे नव्वद डॉलरचं पिस्तूल

२ मार्च, शनिवार
पिस्तूल आणलं. १९० डॉलर. दुकानातलं सगळ्यात स्वस्त, तेही मुद्दाम. मे महिन्यात क्लबच्या मॅचला साध्या गटात याच पिस्तुलाने मेहुण्याला, म्हणजे कर्टिसला, चारी मुंड्या चीत करणार. क्लबातल्या विजेत्यांच्या फळीवर सलग सहा वर्षं त्याचंच नाव. दर थँक्सगिव्हिंगला टर्की कापताना त्याच फळीच्या गोष्टी. मला ते नाव बघवत नाही.
ठराव: पिस्तुलावर यापुढे एक सेंटही खर्च नाही. हात महत्त्वाचा.

९ मार्च
सराव. पन्नासातल्या एकोणीस गोळ्या कागदालाही लागल्या नाहीत. दोष ट्रिगरचा. नवा मागवला. हा खर्च नव्हे, दुरुस्ती.

१७ मार्च, रविवार
चर्चहून आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर ट्रिगर बसवला. स्प्रिंग उडाली. बायकोला, नॅडीनला, ती ग्रेव्हीत सापडली. धुऊन माझ्या बशीत ठेवली. रागावली असती तर बरं झालं असतं.

३० मार्च
नेम धरायला लाल ठिपक्याची, बॅटरीवरची साइट घेतली. ती बसवायला पिस्तूल वरून कापून घ्यावं लागलं. सगळं मिळून पिस्तुलाच्या दुप्पट. नॅडीनचं म्हणणं, मग तेवढ्यात चांगलंच पिस्तूल का नाही आणलंस? तिला तत्त्व कळत नाही. महागड्या पिस्तुलाने कुणीही जिंकेल.

१३ एप्रिल
सोल्डरिंग आयर्नने मुठीवर ठिपके पाडले. पकड झकास. तळहाताला फोड.
माझी चेनसॉ परत द्यायला कर्टिस आला. पिस्तूल बघून शिट्टी वाजवली. विचारतो, व्हर्लिन, नियम वाचलेस का? मी म्हटलं, नियम हरणारे वाचतात. मान डोलवत निघून गेला.

१८ मे, शनिवार, दुपारी ४
अन्याय!
हत्यारं तपासायला ओपल बाई. शाळेत लायब्ररीत बसायच्या, तेव्हापासून माझ्यावर डूख. म्हणाल्या, साधा गट म्हणजे कारखान्यातून आलं तसं. तुझी मूठ भाजलेली, ट्रिगर परका, वर दिवा. मी वीस मिनिटं भांडलो. ट्रकला नवे टायर घातले म्हणून त्याचं विमान होतं का? त्या म्हणाल्या, बाळा, मागे रांग खोळंबलीय. आणि मला खुल्या गटात, म्हणजे कसलेही बदल चालतात तिथे, लिहून मोकळ्या झाल्या.
खुल्या गटात आम्ही पाच. बाकी चौघांची पिस्तुलं माझ्या ट्रकच्या किमतीची. दुसऱ्याच फेरीत साइटची बॅटरी गेली, ठिपका विझला. पण मी हटलो नाही. वडिलांनी शिकवलं तसं नळीवरून बघून मारत राहिलो.

१९ मे, रविवार
निकाल लागला. खुला गट: मी पाचवा. साधा गट: कर्टिस पहिला, ४१२ गुण.
माझे ४३१!
म्हणजे कर्टिसपेक्षा एकोणीस जास्त. खर्च वसूल. चर्चच्या पार्किंगमध्ये अकरा जणांना सांगितलं. पास्टरना दोनदा.
घरी येताना गाडी नॅडीन चालवत होती. तिने विचारलं, जास्त गुण ठिपका विझल्यावरच पडले ना? मी म्हटलं, हो, तेच तर कौतुक! सिग्नलला थांबून म्हणाली, मग पिस्तुलात काही न बदलता साध्या गटात गेला असतास, तर आज फळीवर कुणाचं नाव रंगवलं असतं?
सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न मारला.
दुपारी दुसरी साइट मागवली. पहिली विझली तर जवळ असावी.