फुगलेल्या ताऱ्यांचं वजन

दि. ४ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.,

बाबांचा फोटो पोचला. गाल कसले भरलेत! तुझ्या हातचं जेवण मानवलेलं दिसतंय. माझ्या मात्र घशाखाली घास उतरत नाही.

म्हातारे तारे फुगतात, हे तुला पाठ असेलच. दहा वर्षं मी दुसरं बोललोय कुठे? त्यांचा उजेड आणि रंग बघून मी वजनं ठरवली आणि छातीठोकपणे सांगत सुटलो, की तारा जड तर त्याच्याभोवती मोठे ग्रहही जास्त. आता वेधशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या बाईंनी त्याच ताऱ्यांची थरथर मोजली. त्या थरथरीवरून वजन नेमकं कळतं. माझे निम्मे तारे चांगलेच हलके निघाले!

पंधरा दिवसांनी खगोलवाल्यांच्या सभेत माझं भाषण आहे. बाईंचे आकडे अजून बाहेर गेलेले नाहीत. गप्प बसलो तर वर्षभर निभेल, बोललो तर दहा वर्षांचं हसं होईल. सध्या गप्प बसण्याचा सराव करतोय, तोही मोठ्याने.

लोभ असू दे, हलक्या माणसावरही.

तुझा,
बारक्या

दि. ९ मार्च

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

गाल भरले म्हणून मीही शेजारणीला कौतुकाने सांगून आले होते. डॉक्टरांनी बाबांच्या पायावर बोट दाबलं, तर खड्डा तसाच राहिला. हृदय थकलंय, अंगात पाणी साठलं होतं. घाबरू नकोस, औषधाने सूज उतरली. आता काट्यावर आठ किलो कमी भरतात आणि पायजमा हाताने धरून चालतात. म्हणतात, लेकाने सांगितलेलं वजन आणि लेकीने सांगितलेली तब्येत, एकाच माळेचे मणी.

सभेचं तुझं तू बघ. मी मात्र आणखी महिनाभर गालांवर खूश राहिले असते तर? आता रोज सकाळी आधी त्यांना काट्यावर उभं करते, मग चहा.

जेवत जा. माया आहेच, ती वजन करून देत नाही.

तुझी,
ताई

दि. २० मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.,

काल बोललो. पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, की माझे तारे जड नाहीत, नुसतेच फुगलेले आहेत. हशा पिकला. मग बाईंना पुढे बोलावलं. त्या माझ्यापेक्षा बऱ्या बोलल्या. आता दोघं मिळून सगळं पहिल्यापासून मोजणार.

बाबांना एक सांग. ग्रहाला आम्ही वेगळं तोलू शकत नाही. ताऱ्याचं वजन धरूनच त्याचं काढतो. तारा हलका निघाला, की ग्रहही हलका होतो. तुझं पत्र आल्यापासून माझं तसंच झालंय, बाबा उतरले तसा मीही उतरलो.

रविवारी येतोय. बाबांच्या पायजम्याला नाडी मी ओवीन. काटा मात्र तूच वाच.

भेटीपर्यंत लोभ सांभाळून ठेव.

तुझा,
बारक्या