मध लिहिलेली कॅन

बाबा, आज मी एका माणसाला रडवलं. आमच्या चंद्रपूरच्या गोदामात तो फवारणीच्या औषधाच्या चार बाटल्या साड्यांच्या खोक्यात घालून घेऊन आला. वर लिहिलं होतं ‘कपडे’. मी सगळ्यांसमोर खोकं फाडलं, बाटल्या टेबलावर मांडल्या आणि त्याच्याच तोंडून चार वेळा वदवून घेतलं की आत विष आहे. धोक्याचं पार्सल कसं बांधायचं हे नव्या माणसांना शिकवायचं काम इथे माझ्याकडे आहे. बाटलीभोवती भुसा, खोक्यावर उभं ठेवायची बाणाची खूण, कवटीचं चिन्ह, आणि आत असेल तेच बाहेर लिहायचं. माझ्यामागे मला जल्लाद म्हणतात. म्हणोत बापडे. मी तुमच्या हाताखाली शिकले आहे.

पोंभुर्ण्याला खासगी गाड्यांचं पार्सल घ्यायची आपली एकच खोली होती. दहावी झाल्यावर तुम्ही मला जाड काळा मार्कर आणून दिलात. म्हणालात, तुयं अक्षर ड्रायव्हरले दुरून वाचता येते. तुमच्याकडून मिळालेली तेवढी एकच भेट. जंगलाकडच्या गावांतून लोक पांढऱ्या कॅनमध्ये मध आणायचे, तो वरोऱ्याच्या व्यापाऱ्याकडे जायचा, आणि प्रत्येक कॅनवर मी ‘मध’ लिहायची. आपल्या हमालाची, मी त्याला भाऊ म्हणायची, एक रीत होती. गाडीवर चढवण्याआधी तो झाकण सैल करून थोडा मध तळहातावर घ्यायचा आणि चाखायचा. मध काढणाऱ्यांना ते ठाऊक होतं, तुम्हालाही होतं, कोणी त्याला हटकत नसे. त्याला लिहितावाचता येत नव्हतं. माझ्याच अक्षरावरून तो तेवढा एक शब्द ओळखायला शिकला होता.

मी एकोणीस वर्षांची. पावसाळ्याचे दिवस, सकाळची पहिली गाडी लागली आहे. दुकान हलवणाऱ्या बॅटरीवाल्याने ॲसिडची कॅन आणून ठेवली आहे, तीही तसलीच पांढरी. मी म्हणते, बाबा, ॲसिड लिहू, लाल फुली करू. तुम्ही मार्कर हिसकावता आणि त्यानेच माझ्या बोटांवर मारता.

“ड्रायव्हर चढूच देत नाई मंग. मध लिव. मधाले कोणी विचारत नाई.”

“अन् भाऊनं चाखलं तं?”

“त्याले मी सांगतो. तू ड्रायव्हरसमोर तोंड उघडलं तं याद राख.”

मी लिहिलं. तुम्ही चहा प्यायला गेलात, तिथे कोणी भेटलं, आणि सांगायचं राहून गेलं. पावसाळ्यातला मध पातळच असतो, आणि पुरतं उजाडलं नव्हतं, रंग कळण्यासारखा नव्हता. त्याने नेहमीसारखा भरलेला तळहात तोंडाला लावला.

तो मेला नाही, बाबा. मेला असता तर तुमचं लवकर निभावलं असतं. आवाज कायमचा गेला, नरडं आतून आखडलं. आजही तो पेजेवर जगतो, एक वाटी पेज प्यायला त्याला तासभर लागतो. पोलीस आले तेव्हा तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. आयुष्यात पहिल्यांदा. “पोरीनं चुकून लिवलं साहेब, लहान हाय.” भाऊच्या बायकोने भर बाजारात माझ्या तोंडासमोर सांगितलं की हिच्या हाताचं पाणीही कोणी पिऊ नका. तुम्ही बाजूला उभे राहून वांगी निवडत होतात.

शेवटच्या आजारपणात तुम्हाला एकदम खरं आठवलं. त्याले बोलाव, म्हणालात, एकदा सांगून टाकतो. मी म्हटलं, तुम्हाला पाय आहेत, जा. तुम्हाला कूस बदलता येत नव्हती, ते मला दिसत होतं. दोन दिवसांनी तो आपण होऊन तुम्हाला बघायला आला. दारात उभा राहिला, हातानेच विचारलं, कसे आहेत. मी म्हटलं, झोपले आहेत. तुम्ही जागे होतात, आतून विचारत होतात कोण आलं म्हणून. मी दार लावून घेतलं आणि तुम्हाला सांगितलं, कोणी नाही. तुम्ही तसेच गेलात. मी रडले नाही, नातेवाईकांना ते फार लागलं.

तुम्हाला सुटू द्यायचं नव्हतं म्हणून मी असं केलं, हे मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले. आता हे पत्र टेबलाच्या खणात जाणार आहे, ते कोणी वाचणार नाही, तर आत आहे तेच लिहिते. त्या सकाळी मी आत पावत्या फाडत होते असं पोलिसांना सांगितलं, तुम्हालाही तेच सांगितलं. मी दारात होते. त्याने झाकण सैल केलं आणि माझ्याकडे बघून हसला, रोज हसायचा तसा. ड्रायव्हर शेजारीच उभा होता. नको भाऊ, एवढंच म्हणायचं होतं, आणि तेवढा वेळही होता. मी माझी दुखरी बोटं चोळत राहिले.

त्याला ते माहीत आहे. तुमच्या खाटेशी बसला असता तर त्याने कसंही करून, हातवारे करून तुम्हाला सांगितलं असतं. म्हणून दार लावलं. त्याला बोलता येत नाही याचं मला अजूनही बरं वाटतं, बाबा.