चार जुलैची जिलेबी

श्रूजबरी, १० जून २००६
इंटरव्ह्यूचं पत्र आलं. १९ जुलै. भारतातून इथे राहायला आलेल्या बाबांना अर्धंच सांगितलंय, अमेरिकेची सिटिझनशिप मिळतेय एवढंच. भारताची सोडावी लागते, हे गिळलं. बेचाळीसला शाळा सोडून मोर्चात गेलेला, कोठडीत राहिलेला माणूस. कोणत्या तोंडाने सांगू?

१७ जून
इंटरव्ह्यूत इथल्या इतिहासावर प्रश्न असतात, तो माझा अभ्यास बाबांनी ताब्यात घेतलाय. मी कांदा चिरते, ते प्रश्न विचारतात. सगळ्याची गोष्टच करून टाकली. चहावर कर, मग चहा बंदरात बुडवला ("चांगला चहा गं", त्याचंच दुःख जास्त), मग बंदुका, जाहीरनामा, लढाई, शेवटी घटना. "इंग्रज तेच. यांचा चहा, आपलं मीठ." घटनेला यांना अकरा वर्षं लागली म्हणून खूश. "आपण स्वातंत्र्यानंतर अडीच वर्षांत उरकली."
माझी लेक ईशा : "आजोबा, इट्स नॉट अ रेस."

४ जुलै
सकाळी सातला बाबा हॉलमध्ये. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, पायात बूट. "झेंडावंदन किती वाजता?" म्हटलं, इथे तसं नसतं, लोक उशिरा उठतात, मागच्या अंगणात ग्रिलवर काहीबाही भाजत बसतात. पटेचना. स्वातंत्र्यदिन, आणि जिलेबीसुद्धा नाही? शेवटी पाकिटातल्या पिठाची केली. वाकडीतिकडी, पण झाली.
शेजारच्या कॅरलच्या पोर्चवर झेंडा आहे, ताटली घेऊन तिथे गेलो. बाबा झेंड्यासमोर ताठ उभे. कॅरल आधी हसली, मग हातातला चिमटा ठेवून तीही उभी राहिली.
परत येताना सांगून टाकलं. दोन्ही ठेवता येत नाहीत, बाबा.
बाबा घरात गेले. शर्ट बदलून झोपले.

६ जुलै
दोन दिवस अबोला. आज चहा घेताना,
"इथे टॅक्स भरतेस ना?"
"हो."
"मत आहे?"
"नाही."
"धड तिथे देत नाहीस, धड इथे नाही. एवढ्यावरूनच तर हे लोक भांडले."
मग कप खाली ठेवून म्हणाले, "बावन्नात पहिलं मत दिलं, तेव्हा वाटलं, आता देश माझा. तुलाही वाटायला हवं कुठेतरी." आणि, "मला वाईट वाटलंय. ते वाटणारच."
असे वडील मिळाले. अजून काय हवं.

१९ जुलै
पास. ऑफिसर बाईंनी स्वातंत्र्यदिन विचारला, मी बेधडक पंधरा ऑगस्ट. त्या थांबल्या, मी सावरलं. घरी सांगितलं तर बाबा पोट धरून हसले. "लहानपणी मीच घोकून घेतलं होतं." नंतर डोळे पुसत होते. हसूनच असेल.

२४ ऑगस्ट
शपथ आज, दहाला. बाबांनी परतीचं तिकीट यासाठी पुढे ढकललं. शपथेतलं ते वाक्य काल मोठ्यांदा वाचून पाहिलं, आधीची निष्ठा सोडते म्हणणारं. त्या शब्दांपाशी आले आणि कागद मिटून ठेवला.
बाबा सातपासून हॉलमध्ये. तोच पांढरा शर्ट. माझी साडीही इस्त्री करून खुर्चीवर ठेवलीय त्यांनी. "चल गं, झेंडावंदनाला उशीर नको."
मी अजून गाऊनमध्येच. साडीवर हात ठेवून बसलेय.