दोन खोल्या, एक हॉल, समोर समुद्र

३ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून रोजनिशी. शांत मनाच्या माणसाने लिहून ठेवावं, म्हणजे पुढे कुणी वाद घातला तर पुरावा असतो. माझं मन पूर्ण शांत आहे.

रविवारी लेकीने किनाऱ्यावर वाळूत चित्र काढलं. ओहोटी लागली की ओल्या वाळूत दंताळं ओढायचं. ओढलं तिथे गडद, सोडलं तिथे फिकट. विद्या एवढीच. सकाळभर एकटी मागे मागे चालत होती. आमची ही मला टेकडीच्या पायऱ्यांवर घेऊन गेली, वरून बघायला. वर्तुळात वर्तुळं, वर्तुळांना पाकळ्या, पाकळ्यांत जाळी. अख्खा किनारा कुणी विणून अंथरावा तसा. पायऱ्यांवरचे लोक उतरायचे थांबले. मी दोनदा चष्मा पुसला. वारा खारा होता.

मग भरती आली आणि एकेक पाकळी गेली. लेक कडेला बसून बघत होती, आणि चक्क खूश होती. तेच मला सहन झालं नाही. खाली जाऊन तिच्या मैत्रिणींसमोर म्हणालो, की सकाळभर राबून शेवटी समुद्राला पायपुसणंच दिलंस की.

विनोदाने म्हणालो. तेव्हापासून बोलत नाही. एकवीसला विमानाने चालली आहे, सहा महिन्यांसाठी. लांबचं कुठलंसं हॉटेल रोज वाळूत चित्र काढण्याचा पगार देणार म्हणे.

मला काही फरक पडत नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

मीठ हवं होतं तर आईला म्हणाली, त्यांना सांग मीठ सरकवायला. मी समोरच होतो. मीठ माझ्या कोपराला लागून होतं. सरकवलं. आब राखून सरकवलं.

संकल्प: आपण होऊन बोलायचं नाही. बाप आहे.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

तटस्थपणे विचार केला. तिच्या कामात दोष दोनच. एक, टिकत नाही. दोन, मला विचारलेलं नाही. मी आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन. उभी हयात लोकांच्या घरांचे प्लॅन काढण्यात गेली. रेघ म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये.

निर्णय: ती जायच्या आत तिच्यापेक्षा मोठं चित्र काढून दाखवायचं, आणि ते टिकवायचं. भांडण म्हणून नाही. मार्गदर्शन म्हणून.

संध्याकाळी दंताळं विकत आणलं. हिने विचारलं, बाग कुठाय? मी म्हणालो, प्रश्न बागेचा नाही. ही म्हणाली, मग सरळ सॉरी म्हणा, दंताळ्यापेक्षा हलकं पडेल. बायकांना स्केल समजत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

चाचणी. विषय: मोर. कुत्रा फिरवायला आलेल्या एका बाई थांबल्या, म्हणाल्या, मासा छान जमलाय. मोर समोरून काढणं अवघड असतं.

एक तांत्रिक अडचण. मोकळ्या जागेत आपल्याच पावलांचे ठसे उठतात. ते पुसायला गेलं की पुसणाऱ्याचे उठतात. बराच वेळ मी स्वतःच्याच मागावर होतो. मोरापेक्षा माझी पावलंच जास्त झाली. लेक हे कसं करते ते विचारता आलं असतं. संकल्प आड आला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

शेजारच्या कॅप्टनांना घेऊन भरती बघायला गेलो. कॅप्टन बोटीवर कधीच नव्हते. बंदरावरच्या कॅन्टीनचे मॅनेजर होते. पण टोपी आहे. पाणी जिथवर आलं तिथे त्यांनी काठी रोवली आणि सांगितलं, ह्याच्या वर समुद्राची टाप नाही. मी काठीच्या अलीकडे आणखी दहा पावलं सोडली. सेफ्टी मार्जिन. शिवाय समुद्राच्या बाजूने वाळूचा बांध घालणार. लेकीला एवढी साधी गोष्ट सुचली नाही याचं वाईट वाटतं.

आज जिन्यात समोरासमोर आलो. ती भिंतीकडे सरकली, मी कठड्याकडे. दोघांनीही छान जागा दिली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

झोप नाही. विषय ठरत नाही. मोर बाद. कमळ काढून पाहिलं, कोबी दिसतो. ऑफिसात कागदावर गलबत काढत होतो तर साहेब मागे येऊन उभे. म्हणाले, हे कुठल्या पार्टीचं टॉयलेट? मी म्हणालो, रफ आहे.

हात मुळी सरळ रेघेकडेच वळतो. हा दोष नव्हे, शिस्त आहे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सुचलं. आपल्या घराचा प्लॅन. दोन खोल्या, हॉल, किचन, बाथरूम. दसपट मोठा. भिंती, खिडक्या, दारं, दार कुठल्या बाजूला उघडतं ते दाखवणारा पाव गोल, सगळं. वरून बघणाऱ्याला एका नजरेत कळेल. आणि परदेशी निघालेल्या मुलीने घर एकदा नीट बघून जावं, ह्यात गैर काय?

हिला सांगितलं. हिने आधी गॅस बारीक केला. मग म्हणाली, सॉरी म्हणणं तरीही सोपं आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार

घर मोजलं. लेकीची खोली मोजायला गेलो तेव्हा दार उघडंच होतं आणि ती पलंगावर बसून बॅग भरत होती. मी जमिनीवरून टेप सरकवला. तिने पाय वर घेतले. टेप गेल्यावर खाली ठेवले.

ती गेली की त्या खोलीत माझी स्टडी करायची आहे. शेल्फ, टेबल, चांगला दिवा. तेही माप त्याच फेरीत झालं असतं, पण पाय वर घेतलेल्या माणसाला किती ताटकळवणार? राहिलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसनंतर बांध घालायला फावडं घेऊन निघालो तर ही म्हणाली, अहो, आज अमावास्या आहे, जरा विचार करा. मी तिथेच उभं राहून तिला वैज्ञानिक दृष्टी समजावून सांगितली. शुभ-अशुभ असं काही नसतं, दिवस सगळे सारखे. ती शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, बरं.

कधीकधी लोकांना पटतं.

कॅप्टनांची काठी जागेवर नाही. कुणीतरी नेली. लोकांना सार्वजनिक वस्तूंची किंमत नाही. पण खड्डा कुठे होता ते माझ्या लक्षात आहे. बांध झकास.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

बांध थोडा खचला आहे. मुलं खेळली असणार. पुन्हा घातला, दुप्पट जाड. उद्या पाठदुखी म्हणून रजा टाकली आहे. उद्या दुपारी ही लेकीला काहीतरी निमित्त काढून पायऱ्यांवर आणेल. ती बघेल. मग बोलायचं की नाही हे तिचं ती ठरवेल. मी आग्रह करणार नाही. बोलली तर काय उत्तर द्यायचं ते तीन प्रकारे तयार ठेवलं आहे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळ, किनाऱ्यावर, घाईत

दोरी, खुंट्या, टेप. भिंती झाल्या. पाठदुखी आता प्रामाणिक आहे.

हॉल फार मोठा झालाय. खऱ्या घरात इतका असता तर कुणी कुणाला सरकून जागा द्यावी लागली नसती. लेकीची खोली शेवटी घेतली, निवांत. खिडकी, पलंग, दार. चांगली आली आहे.

पाणी अजून लांब आहे. पण येतंय. मी हॉलमध्ये फेऱ्या मारतोय. मारू नयेत हे कळतं.

त्याच दिवशी, संध्याकाळ

क्रमाने लिहितो.

पाणी कॅप्टनांच्या खड्ड्यापाशी आलं आणि थांबलं नाही. बांधाला धडकलं. बांध टिकला, हे नोंदवून ठेवतो. मग पाणी बांधाच्या दोन्ही टोकांना वळसा घालून मागून आलं आणि घराच्या मुख्य दारातून, पाहुणा यावा तसं, हॉलमध्ये शिरलं. लाट मागे फिरली तरी हॉलमधलं पाणी मागे जाईना. जाणार कुठून? पुढे माझा बांध. बाकीचा किनारा लाटेगणिक भिजून मोकळा होत होता, आमच्याच घरात तळं. आयुष्यभर लोकांच्या बाथरूमना उतार काढून दिला आणि इथे पाण्याला वाट ठेवली नाही.

वरून ही आणि लेक उतरताना दिसल्या. बांध फोडू की उभा राहू ते कळेना. दंताळं घेऊन किचनमध्ये उभा राहिलो.

लेक चपला हातात घेऊन हॉलच्या पाण्यातून आली. तयार ठेवलेली तिन्ही उत्तरं आठवेनात. ती सगळीकडे बघून म्हणाली, बाबा, घरात एवढी वर्दळ कुणाची?

पावलांबद्दल म्हणत होती. मी म्हणालो, माझीच.

मग तिच्या खोलीशी गेली. ती अजून कोरडी होती. दाराकडे बघत राहिली आणि म्हणाली, हे उलटं काढलंय. दार आत उघडतं.

मी सांगितलं, आत उघडलं तर पलंगाला लागेल. ड्रॉइंगमध्ये असली चूक माझ्याकडून होत नाही.

ती म्हणाली, लागतंच. लहानपणापासून लागतंय.

तिने माझ्या हातातून दंताळं घेतलं. माझा पाव गोल हाताने सारवून पुसला आणि आतल्या बाजूला नवा काढला. एका झटक्यात, मागे मागे चालत, रेघेवरच पाय ठेवत. मागची पावलं दंताळ्यानेच पुसली जात होती. असं करायचं असतं तर! नवा गोल पलंगाला टेकला. पुढच्या लाटेने पलंग नेला, त्याच्या पुढच्या लाटेने दार.

आम्ही तिघं तिथेच उभे राहिलो. भिंती एकेक करून फिकट होत गेल्या. बघायला बरं वाटलं. थकव्यामुळे असेल.

मी म्हणालो, पायपुसणं म्हणायला नको होतं. ती म्हणाली, पाय गार पडलेत, चला.

ही म्हणाली, अमावास्या झाली की पाणी चढतं एवढंच मी सांगत होते.

२२ फेब्रुवारी, रविवार

लेक काल गेली. पोचली. फोनवर म्हणाली, इथला किनारा मोठा आहे. मी म्हणालो, उतार बघून घे.

आज स्टडीचं माप घ्यायचं ठरलं होतं. टेप घेऊन तिच्या खोलीत गेलो. दार ढकललं. पलंगाला लागलं. लाकडावर त्या जागी रंग पार उडालाय. आजचा नाही तो.

बाहेर आलो. दार ओढून घेतलं, पुन्हा ढकललं. लागतं.

माप घेतलं नाही.