ढोकीच्या गोलकीपरचं स्थळ

तीर्थस्वरूप धोंडप्पा दाजी यांस,

भूमहून बसवेशचे शरणु शरणार्थी. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? अक्काचा बीपी? तुमची शिवानी इथं माझ्याकडं सुखरूप आहे, तिची शाळा नीट चालू आहे (ती तिथं पोरांना शिस्त शिकवते आणि घरी मला). फोनच केला असता. पण लीगची समिती फोनचे तपशील मागवते असं ऐकतो. म्हणून हे पत्र नळदुर्गच्या एसटीनं, ओळखीच्या कंडक्टरकडं.

आमच्या जिल्हा फुटबॉल लीगचा नियम असा : हंगाम चालू असताना दुसऱ्या संघाशी करार असलेल्या खेळाडूला गाठायचं नाही, त्याला पुढच्या वर्षाचं विचारायचं नाही, काही द्यायचं नाही. मोडला तर सहा गुण कापतात. आमच्याकडं सातच आहेत. एका गुणावर संघ लीगबाहेर जातो, अठरा खेळाडू घरी बसतात, आणि व्यवस्थापक म्हणून माझ्यावर दोन वर्षं बंदी. माझ्यावर तशी तक्रार झालीय, सोमवारी सुनावणी आहे.

मी ढोकीला गेलो तो शिवानीसाठी मुलगा बघायला. अमरनाथ. आपल्यातला, निर्व्यसनी, कारखान्याच्या रस्त्याला घर. (तो ढोकी संघाचा गोलकीपर आहे हे मला ठाऊक होतं, पण मुलगा म्हटला की काही ना काही काम करणारच.) मुलाला विचारतात तेच विचारलं : पगार किती, करार कधी संपतो, पुढं भूमला राहायची तयारी आहे का. उंची पाहिली. दाराच्या वरच्या चौकटीला हात टेकवायला लावला. मग ताटलीतलं एक लिंबू त्याच्या डावीकडं, जरा खाली टाकलं (नजर बघावी लागते, दाजी, पोरगी जन्मभरासाठी देतो आपण). त्यानं जाजमावर आडवं होऊन ते झेललं. त्याची आई पार्वतम्मा म्हणाली, “मामा, पोरगी बी अशीच झेलायची हाय व्हय?” तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, “बसवेशराव, सोयरीक चाललीय का सराव?” ढोकी संघाचा सचिव बसप्पा. शेजारीच राहतो. हातात मोबाइल.

बसप्पानं तक्रारीला तीन फोटो जोडलेत. पहिल्यात मी टॉवेल-टोपी देतो आहे. रीतीप्रमाणं दिली, तक्रारीत तिला ‘आमिष’ म्हटलंय. दुसऱ्यात अमरनाथ हवेत आहे. तिसऱ्यात तो जमिनीवर आहे आणि लिंबू दिसत नाही, त्यामुळं तो का पडला हे मलाच सांगायचंय. लेखी खुलाशात मी म्हटलं, भाचीसाठी स्थळ बघणं हा मामाचा हक्क आहे आणि नियमावलीत लग्नाला बंदी नाही. समितीनं एका ओळीत विचारलं : मुलीच्या वडिलांना हे ठाऊक होतं का? त्या ओळीपासून मला जेवण जात नाही.

अक्काला नमस्कार.

तुमचा मेहुणा,
बसवेश

ता.क. तुम्हीच मला स्थळ बघायला धाडलं, असं चार ओळींचं पत्र द्या. तारीख पाच घाला. मी सहाला गेलो होतो.

ता.क. २. टॉवेलाच्या घडीत आमच्या संघाची एक नंबरची, म्हणजे गोलकीपरची, जर्सी होती. ते पत्रात नको.

ता.क. ३. पार्वतम्मांना मुलगी फोटोवरून पसंत आहे. रविवारी त्या तुमच्याकडं येताहेत. सोमवार संध्याकाळपर्यंत नाही म्हणू नका.

ता.क. ४. शिवानीला यातलं काही ठाऊक नव्हतं. पाकीट चिकटवण्याआधी तिनं पत्र वाचलं. समितीचा पत्ता तेवढा उतरून घेतला.