खिडकीतलं नाव

ती. वन्संना नमस्कार.

मी लग्न होऊन आले तेव्हा माझं नाव ऐकून तुम्ही म्हणालात, "अगं बाई, असलं नाव हल्ली म्हशीचंसुद्धा ठेवत नाहीत!" सगळं घर हसलं. तीस वर्षं झाली, मी विसरले नाही.

मी जन्मनोंदणीच्या खिडकीत बसते, हे तुम्हाला माहीत आहेच. सध्या मालिकेतल्या एका नायिकेचं नाव इतकं चालतंय, की दिवसाला चार मुलींचं तरी तेच टाइप करते. बोटांना पाठ झालंय.

काल माझी लेक तान्हीला घेऊन खिडकीशी आली. नाव काय ठेवलंय, हे तिनं मला सांगितलंच नव्हतं. मी फॉर्म घेतला आणि सवयीनं तेच टाइप केलं.

"आई, आधी वाच तरी!"

वाचलं. माझं नाव होतं, वन्सं!

"अगं, किती जुनं आहे हे," मी पुटपुटले.

"जुनं कसलं? तुझं आहे."

मागे रांग खोळंबली आणि मला कीबोर्डवरची अक्षरं दिसेनात.

हे पत्र मी टाकणार नाही, तुम्हाला उगाच झोंबेल. दाखल्याची प्रत तेवढी पाठवते. नाव मोठ्यानं वाचा, आणि हसू येतंय का बघा.

तुमची वहिनी
(आता त्या नावाच्या आम्ही दोघी)